कांताबाईंचं गाणं आलं कुठून?

मागच्या भागात आम्ही अमेरिकेतल्या बेसी स्मिथ या गायिकेचं एक जुनं गाणं वाजवलं होतं. भाषा कुणालाच कळली नाही, तरी बऱ्याच गटांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. नंतर जे फोन आले त्यात एकच प्रश्न फिरून फिरून होता: ही बाई गाणं शिकली कुठं? तिचा गुरू कोण? प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर आज आम्ही अमेरिकेपेक्षा जास्त आपल्या संगमनेरात शोधणार आहोत. पण आधी बेसीचं थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं जुळवायला सोपं जाईल.

ती गाते त्या गाण्याला ब्लूज म्हणतात. ब्लूज म्हणजे जिवाला लागलेली उदासी. आफ्रिकेतून गुलाम म्हणून धरून नेलेल्या काळ्या माणसांना अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाच्या शेतात राबवलं. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने गेली, पण बहुतेकांच्या वाट्याला कापूस तोच राहिला आणि गरिबीही तीच. शेतात एकाने हाळी द्यायची आणि बाकीच्यांनी तिला साथ द्यायची, चर्चमध्येही एकाने म्हणायचं आणि सगळ्यांनी उचलायचं, अशी त्यांची गाण्याची रीत होती. त्यातूनच ब्लूज आलं. बांधणी अगदी साधी. एक ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. ओळ परत म्हणते तेवढ्या वेळात गाणारीला पुढचं सुचतं.

हे ऐकून तुम्हाला जातं आठवलं असेल तर बरोबरच आहे. जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या. एकीने ओवीची पहिली ओळ घ्यायची, दुसरीने ती उचलायची, तोवर पहिलीला पुढची ओळ सापडायची. पाळूच्या फिरण्याचा ताल, खुंट्याला हात, आणि तोंडी माहेर, भाऊ, सासू, राम-सीता, जे मनात असेल ते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्याहून काम करत महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या रचणाऱ्या बहुतेक बाया शाळेत गेलेल्या नव्हत्या. तेव्हा गाणं शिकली कुठं, याचं एक उत्तर असं की काम करता करता, शेजारी बसलेलीकडून.

मात्र घरात ओवी म्हणणं वेगळं आणि चार हजार माणसांसमोर उभं राहून गाणं वेगळं. तिथवरची वाट कशी असते?

बेसी १८९४ साली चॅटानूगा गावात जन्मली. वडील ती तान्ही असतानाच गेले, आणि ती साधारण नऊ वर्षांची होईतो आईही गेली. थोरल्या बहिणीने लोकांचे कपडे धुऊन भावंडं वाढवली. बेसी रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी राहून गायची आणि भाऊ गिटार वाजवायचा. जाणारे-येणारे पैसे टाकायचे. १९१२ साली ती एका फिरत्या मंडळीत लागली, तीही नाचायला. कारण गायला तिथे आधीच मा रेनी नावाची नावाजलेली बाई होती. या मंडळ्या तंबू घेऊन गावोगाव हिंडायच्या. कापसाचा हंगाम उरकून मजुरांच्या हातात पैसे आले की तिथे जाऊन पोचायच्या. तंबू, हंगाम, गावोगाव फिरणं, नाचायला म्हणून आत आणि मग गायला पुढे. आपल्या भागात राहणाऱ्या बाईला यातलं काहीच परकं वाटू नये.

आता संगमनेर तालुक्यात या. तिथलं हिवरगाव पावसा. या गावची पवळाबाई भालेराव, म्हणजेच पवळा हिवरगावकरीण. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री असं तिला म्हटलं जातं. त्याआधी बाईचं काम पोरगेलासा पुरुष करायचा, त्याला नाच्या पोऱ्या म्हणत. पवळा महार समाजातली होती आणि तिला खंडोबाला मुरळी म्हणून सोडलेलं होतं. जागरणात वाघ्या दिमडी आणि तुणतुणं वाजवतो, मुरळी घाटी वाजवत नाचते, गाते, आणि रात्र सरेपर्यंत खंडोबाची कथा चालते. आवाज रात्रभर टिकवायचा, कंटाळलेल्या माणसाला परत जागं करायचं, सूर न सोडता नाचायचं, हे सगळं तिथे अंगवळणी पडतं. पवळाची शाळा ती.

पण आम्हाला हे गोड करून सांगायचं नाही. लहान पोरीला देवाला सोडणं हा अन्यायच होता. पोरीला त्यात कुणी विचारत नसे. गाणं तिला मिळालं हे खरं, आणि त्यासाठी तिचं सगळं आयुष्य गहाण पडलं हेही तितकंच खरं. पुढे तिने पठ्ठे बापूरावांबरोबर फड गाजवला. बापूराव म्हणजे सांगलीकडच्या रेठरे हरणाक्ष गावचे श्रीधर कुलकर्णी, मोठे शाहीर. ब्राह्मण माणूस अस्पृश्य समाजातल्या बाईबरोबर फडावर उभा राहिला म्हणून समाजाने त्यांना वाळीत टाकलं. त्यांनी जात सोडल्याची गोष्ट अजून रंगवून सांगतात. पवळाने काय काय सोडलं आणि काय काय सोसलं, ते मात्र कुणी तेवढ्या हौसेने सांगत नाही.

पवळाबाई १९३९ साली गेल्या. त्याच वर्षी गुजरातच्या पंचमहाल भागात टिंबा नावाच्या गावी, दगडखाणीवर राबणाऱ्या साहेबराव आणि चंद्राबाई यांच्या पोटी एक मुलगी जन्मली. तीच पुढे कांताबाई सातारकर झाली, आणि संगमनेर हेच तिचं गाव झालं.

इथे एक फरक ध्यानात घ्या. शेजारच्या नारायणगावच्या विठाबाई तमाशाच्या घरातच वाढल्या. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड होता, त्यामुळे ढोलकी पाळण्यातच कानावर पडलेली. कांताबाईंच्या घरी ढोलकी नव्हती, फड नव्हता, तमाशातलं कुणी नव्हतं. आई-बाप दगड फोडायचे. कुटुंब साताऱ्याला आलं आणि तिथे नवझंकार मेळ्यात ही पोर शिरली. तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची असेल.

मेळा म्हणजे काय हे नव्या पोरींना सांगायला हवं. गणेशोत्सवात आणि इतर सणांना मुलामुलींचे संच बांधून गाणी, नाच, छोटे संवाद बसवत, त्यांना मेळे म्हणत. त्यात देवाची पदं असत, समाजसुधारणेची असत, सिनेमाच्या चालीवरची असत. गरिबाघरच्या पोरीला फी न भरता गाता-नाचता येईल अशा जागा त्या काळी फारशा नव्हत्या, आणि त्यातली ही एक. ताल धरायचा कसा, प्रेक्षकाकडे बघायचं कसं, शिट्टी आली तर दचकायचं नाही, हे तिथे कळतं. बेसीला हे रस्त्याच्या कोपऱ्याने शिकवलं, कांताबाईंना मेळ्याने.

मेळ्यातून त्या तमाशात आल्या, आणि मग तुकाराम खेडकर यांच्या फडात. वगनाट्यात तुकाराम खेडकरांचं नाव मोठं होतं. कांताबाईंचं त्यांच्याशी लग्न झालं आणि त्याच फडात त्या पुढे आल्या.

फडात नव्या मुलीचं शिक्षण कसं होतं ते बघू. तमाशाला ठरलेला क्रम असतो. आधी गण, म्हणजे गणपतीला नमन. मग गवळण. त्यात कृष्ण, पेंद्या, मावशी आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी. मग बतावणी, लावण्या, आणि शेवटी वग, म्हणजे सबंध नाटक. नवी मुलगी आधी गवळणीच्या रांगेत मागे उभी राहते. पुढचीचे पाय बघायचे आणि तसे टाकायचे. चांगली निघाली तर पुढच्या हंगामात एखादी लावणी मिळते. जिभेला धार असेल तर वगात काम. पूर्वी वगाची संहिता सगळ्यांच्या हातात नसायची. गोष्ट ठाऊक असायची, बाकी संवाद समोरच्याला बघून जागेवर जुळवायचे. ज्या बाईला उत्तर सुचत नाही ती वगात टिकत नाही.

गाण्याचंही तसंच. गाणारीच्या पाठीशी सुरते उभे असतात आणि ते झील ओढतात. ते 'जी जी' तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. झील चालू असते तेवढ्यात गाणारीने श्वास घ्यायचा, पुढची ओळ जुळवायची, पायांनी ढोलकीला उत्तर द्यायचं. जात्यावर दुसरी बाई जे करते आणि ब्लूजमध्ये परत म्हटलेली ओळ जे करते, तेच काम इथे झील करते. म्हणून आम्ही म्हणतो की या गाण्यांची हाडं एक आहेत. अमेरिकेतून इकडे कुणी आणलं नाही की इकडून तिकडे नेलं नाही. खूप जणांनी मिळून काम करायचं असलं की गाणं आपोआप असं बांधलं जातं.

आणि तमाशातली बाई एवढ्या वरच्या पट्टीत का गाते? पूर्वी ध्वनिक्षेपक नव्हता. गॅसबत्तीच्या उजेडात, उघड्या माळावर, शेवटच्या बैलगाडीत बसलेल्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा होता. खालचा सूर वाऱ्यावर विरतो, वरचा लांब जातो. बेसीचा आवाजही असाच तंबूत घडलेला, मोठा आणि मोकळा. हा आवाज कर्कश म्हणून हिणवणारे असतात. त्यांनी एकदा पोळ्याच्या गर्दीत हाक मारून बघावी.

कांताबाईंची वगनाट्यं खूप गाजली. 'रायगडची राणी' आणि 'पाच तोफांची सलामी' ही दोन नावं जुन्या मंडळींना नक्की आठवतील. पण आमच्या मते त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड भाग वेगळाच आहे. १९६४ साली तुकाराम खेडकर वारले. पदरात लहान मुलं. आणि फडात मालक गेला की प्रश्न उभा राहतो: आता फड कुणाचा? बाई कितीही गाजलेली असो, तिकीट तिच्या नावावर खपत असो, गाड्या, कनात, सामान आणि हिशेबाची वही कुणाच्या नावावर आहे त्यावर ठरतं. हे फक्त तमाशाचं नाही. सातबारा, घराचा उतारा, दूधडेअरीचं खातं, आपल्या गटाच्या बैठकीत आपण हेच बोलतो.

काही वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या फडात काम केलं, आणि साठचं दशक संपता संपता स्वतःचा फड उभा केला. पुढे मुलगा रघुवीर हाताशी आला. तो नाचणारा, वगात काम करणारा, लोकांना हसवणारा. फलकावर आई आणि मुलगा दोघांचीही नावं लागली.

फड चालवणं म्हणजे काय, हे बचत गट चालवणाऱ्या बाईला लवकर समजेल. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसं. नाचणाऱ्या, गाणाऱ्या, ढोलकीवाले, सोंगाड्या, आचारी, गाडीचालक, कनात ठोकणारे. हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि चैत्र-वैशाखातल्या यात्रा उरकल्या की संपतो. हंगामाआधी कलावंतांना उचल द्यावी लागते. उचल हा शब्द पाथर्डी-शेवगावच्या ऊसतोड करणाऱ्या बायांना वेगळा सांगायला नको. कोयत्याला मुकादम देतो तशी फडमालक देतो, आणि तीही बहुतेक वेळा सावकाराकडून काढून. पाऊस पडला, दंगा झाला, निवडणूक लागली, की खेळ बुडतो. पण शंभर ताटं वाढावीच लागतात. गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची यात्रा कमिटी तिथे येऊन सुपारी ठरवते. या सगळ्या व्यवहारात पुरुषांच्या घोळक्यात बसून भाव ठरवायचा, आणि रात्री त्याच पुरुषांसमोर बोर्डावर उभं राहायचं. दोन्ही एकाच बाईने करायचं.

बेसी स्मिथनेही स्वतःची मंडळी चालवली. काळ्या माणसांना गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नसे, म्हणून तिने रेल्वेचा एक अख्खा डबाच विकत घेतला. संच त्यात झोपायचा, जेवायचा आणि पुढच्या गावी जायचा. आपल्या फडाचा ट्रक तरी दुसरं काय आहे? पहाटे खेळ संपला की पेट्यांवर अंग टाकायचं आणि पुढच्या गावी उतरायचं. तिच्या पहिल्या तबकडीच्या, १९२३ सालच्या, सहा महिन्यांत साडेसात लाखांवर प्रती खपल्याचं सांगतात. तिला मात्र गाण्यामागे ठरलेली रक्कम मिळाली, खपातला वाटा नाही. १९३७ साली मोटार अपघातात ती गेली, आणि तिच्या कबरीवर नावाचा दगड बसायला १९७० साल उजाडलं. तोही दुसऱ्या बायांनी पैसे घालून बसवला. एक होती जॅनिस जॉप्लिन ही गायिका, दुसरी लहानपणी बेसीच्या घरी काम केलेली एक बाई.

आपल्याकडे विठाबाईंची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, मध्येच आत जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि परत बोर्डावर आल्या. ही गोष्ट टाळ्या घेत सांगितली जाते. आम्हाला ती ऐकताना टाळ्या वाजवाव्या वाटत नाहीत. नऊ महिने भरलेल्या बाईला त्या रात्री नाचावं लागलं, कारण न नाचता खेळ बुडाला असता आणि फड उपाशी राहिला असता. ऊसाच्या फडात बाळंत झालेल्या बाया आपल्या जिल्ह्यातही आहेत, त्यांना कुणी टाळ्या दिल्या नाहीत. विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, आणि २००२ साली त्या गेल्या तेव्हा हातात पैसा नव्हता.

आता नावाबद्दल एक गंमत. हिवरगावकर, नारायणगावकर, संगमनेरकर, सातारकर. या बायांनी ना बापाचं आडनाव लावलं, ना नवऱ्याचं. गावाचं लावलं. ज्या गावाने यात्रेत चार रात्री नाचवून घेतलं आणि पाचव्या दिवशी ओळख दाखवली नाही, त्याच गावाचं नाव यांनी महाराष्ट्रभर नेलं. संगमनेरच्या गुलाबबाईंना लावणीमुळे सगळे गुलाब संगमनेरकर म्हणून ओळखतात. आपल्या तालुक्याचं नाव एवढ्या लोकांच्या तोंडी दुसऱ्या कुणी नेलंय का, ते तुम्हीच आठवून बघा.

राज्य सरकार विठाबाईंच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. तो कांताबाईंना मिळाला. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, ऐन यात्रांचा हंगाम बुडाला, आणि पुढच्या वर्षीही तेच. राहुट्या लागल्या नाहीत, दिलेली उचल फिटली नाही, कलावंत मिळेल त्या मजुरीला लागले. त्याच दुसऱ्या लाटेत, २५ मे २०२१ रोजी, कांताबाई संगमनेरला कोरोनाने गेल्या. वय ब्याऐंशी.

तर फोनवर विचारलेल्या प्रश्नाचं आमचं उत्तर असं की गाणं त्यांना कुणी एका गुरूने दिलं नाही. थोडं मेळ्याने दिलं, थोडं पुढे उभ्या असलेल्या नाचणारीच्या पायांनी, थोडं झील ओढणाऱ्यांनी. बाकीचं रोजच्या रात्रीने. पोट भरायचं होतं म्हणून ते पक्कं झालं.

आता कामाचं. तुमच्या गावची यात्रा चैत्रात असेल तर कमिटीची बैठक माघ-फाल्गुनात होईल. सुपारीचा आकडा ठरतो, पण बायांच्या सोयीचं कुणी बोलत नाही, कारण बैठकीला बाई नसते. या वेळी गटातल्या दोघी-तिघी जा. ग्रामसभेतही हे मांडता येतं. कपडे बदलायला चार भिंतींची आणि आतून कडी असलेली खोली. जवळ संडास आणि तिथपर्यंत दिवा. प्यायला आणि तोंडाचा रंग धुवायला पाणी. फडात तान्ही मुलं असतील तर त्यांना झोपवायला जागा, शाळेची एक खोली एका रात्रीपुरती उघडून मिळते. आणि समोर बायांना बसायला वेगळी, उजेडातली जागा, म्हणजे तुम्हालाही वग शेवटपर्यंत बघता येईल. सुपारीच्या कागदावर आकड्याखालीच हे लिहून घ्या आणि दोन्हीकडच्या सह्या घ्या.